आमचा विषय नाही!

गेल्या महिन्यात कॉलेजमधल्या एका ज्युनियरचा फोन. "दादा, बँकॉकला जॉब मिळतोय. डेटा एन्ट्री, महिना ऐंशी हजार, तिकीट तेच काढणारेत. घेऊ ना?" मी म्हटलं, इंटरव्ह्यूत काय विचारलं? "टायपिंग स्पीड आणि पासपोर्ट आहे का, एवढंच." च्यायला, इथं आम्हाला एका स्विचसाठी पाच-पाच राउंड द्यावे लागतात!

पुढचं त्याला मी सांगितलं. बँकॉकला उतरवतात, गाडीनं माए सॉटला नेतात, मोई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. तिथं पासपोर्ट काढून घेतात आणि मारहाणीच्या धाकावर ऑनलाइन फसवणूक करायला बसवतात. ही अफवा नाही. आयटीतल्या मुलांना गळाला लावतायत असा इशारा परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी तिथून परत आणावं लागलं.

तो गेला नाही. पण एजंटचा नंबर तर चालूच होता! म्हणून आम्ही दोघं तक्रार द्यायला गेलो. पहिल्या ठिकाणी, "हा गेला का? नाही ना? मग गुन्हा कुठं झाला?" दुसऱ्या ठिकाणी, "पैसे गेले का? नाही? मग सायबरमध्ये बसत नाही." तिसऱ्या ठिकाणी, "परदेशी नोकरीचा मामला आहे, दिल्लीला लिहा." शनिवार संपला.

आता कायदा बघा. २०१३ साली बदललेलं भादंविचं ३७० कलम आज भारतीय न्याय संहितेत १४३ आहे. शोषणासाठी फसवून भरती करणं हाच तिथं गुन्हा, आणि माणूस राजीखुशीनं गेला या बचावाला अर्थ नाही. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार नोंदणीशिवाय परदेशी नोकरभरती करणं हाही गुन्हा. म्हणजे गुन्ह्याला घर दोन-दोन कायद्यांत आहे, फक्त खिडकीवर नाही.

"शिकलेली मुलं, हावेपोटी जातात, भोगू देत" असं ऑफिसात ऐकलंय. गंमत म्हणजे आपली व्यवस्थाही तसंच मानते. दहावी पास झालात की पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. शिकलेला फसत नाही, हे गृहीत!

यंत्रणा कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. जिल्ह्याजिल्ह्यात मानवी तस्करीविरोधी पथकं आहेत. २०१९ पासून एनआयएला अशा गुन्ह्यांचा तपास करता येतो. त्याआधी २०१५ मध्ये केंद्रानं सुप्रीम कोर्टात स्वतंत्र संघटित गुन्हे तपास यंत्रणा काढू असं कबूल केलं, ती झाली नाही. २०१८ चं तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि २०१९ मध्ये राज्यसभेत न जाताच बाद झालं.

सगळ्यात चीड येते ती याची. त्या कंपाउंडमधून मुलगा इकडच्या कुणालातरी फसवतो. फसलेला १९३० वर फोन करतो. एका खात्यात हा मुलगा आरोपी, दुसऱ्यात पीडित. सायबर गुन्ह्यांचा समन्वय बघणारं आयफोरसी आणि तस्करीविरोधी पथकांना पैसा देणारा विभाग, दोन्ही गृहमंत्रालयाचेच!

यावर सरकारी उत्तर ठरलेलं: समन्वय बैठक आणि नवं पोर्टल. मित्रांनो, ती पोर्टलं आपणच बांधतो. दोन सिस्टिम जोडल्या तरी तिकिटाला मालक नसेल तर काही हलत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? आपल्याकडे तिकीट दुसऱ्या टीमला देता येतं, पण "माझं नाही" म्हणून बंद करता येत नाही. झिरो एफआयआरनं ठाण्यांमधली हद्द पुसली. तीच गोष्ट खात्यांमध्ये करा. पहिल्या खिडकीनं तक्रार घ्यायची, नंबर द्यायचा, पुढं कुठं पाठवायची ते तिनं शोधायचं. फिरायचं ते कागदानं, माणसानं नाही. यासाठी नवा कायदा नको, एक ठाम आदेश पुरे.

तोवर आपण एवढं करूया. ग्रुपवर असा जॉब आला तर एजंटची नोंदणी ई-मायग्रेट साइटवर तपासा, आणि फॉरवर्ड करणाऱ्याला जाहीर हटका.

असो. आमची तक्रार आम्ही दिल्लीला लिहिली आहे. एजंटच्या डीपीवर आजही बँकॉकचा सूर्यास्त आहे.