ताईची फाईल



आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आहे. माझ्या मामेबहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या डोहाळजेवणाचा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. सगळ्यांनी त्यावर लाल बदाम पाठवले. मीही पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून एक पाठवला. त्यानंतर आठव्या दिवशी ताई नागपूरच्या एका रुग्णालयात आयसीयूत होती.

ताईचं माहेर सौंसर, सासर पांढुर्णा. हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. "नाव नको टाकू, पण लिही," म्हणाली.

सहाव्या महिन्यापासून तिला जिना चढताना दम लागायचा. मग आडवं झालं की गुदमरायला लागलं, म्हणून दोन उशा, नंतर तीन उशा घेऊन ती बसल्या बसल्या झोपायची. घरात सगळे म्हणायचे, "पोटुशी बाईले दम लागतेच." एका रात्री खोकला थांबेना, थुंकीला गुलाबी फेस आला. जावयांनी गाडी काढली आणि थेट नागपूर गाठलं.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?" मामी गप्प. जावई मामीकडे बघतायत. शेवटी मामी म्हणाली, "हो. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन होतं."

ते कार्ड आणि ती फाईल सौंसरच्या घरी लोखंडी कपाटात होती. ताईसाठी स्थळं पाहायला लागले तेव्हा इंजेक्शन बंद झालं. "बोलू नको बापा, जमलेलं मोडते," असं मामीने सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांत मीही होतो. इंजेक्शनच्या दिवशी तिला सायकलवर डबलसीट घेऊन जाणारा मीच. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. आजचा हा लेख त्यासाठीच आहे.

ताईला लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप आला होता. घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर, बहुतेक 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी घोटा, मग मनगट. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर वळ राहतो. ताप पुन्हा पुन्हा आला तर झडप आणखी बिघडते. ते टाळण्यासाठीच पेनिसिलिनचं ते इंजेक्शन अनेक वर्षं, काहींना अगदी चाळिशीपर्यंत घ्यावं लागतं. गरोदरपणातही ते चालतं.

झडप म्हणजे काय, हे आपल्याकडे संत्र्याच्या बगिच्यात मोटार चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. रक्त एकाच दिशेने जाऊ देणारं ते दार. डाव्या बाजूची माइट्रल झडप निरोगी असली तर 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. दीड किंवा त्याहून कमी झाली की अरुंदपणा गंभीर समजतात. ताईची एकच्याही खाली आली होती.

एवढ्या अरुंद दारातून ती आधी घरकाम कशी करत होती? कारण एरवी हृदय सांभाळून घेतं. गरोदरपणात मात्र शरीरातलं रक्त जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि नाडीही जोरात चालते. नाडी जितकी जोरात, तितका रक्ताला त्या दारातून पुढे सरकायला वेळ कमी. मग रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि पाणी भरतं. सातव्या-आठव्या महिन्यात हा भार सर्वांत जास्त असतो. आमचं डोहाळजेवण बरोबर त्याच सुमारास होतं.

औषधांनी ताईला पुरेसा आराम पडेना. तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून बलूनने झडप उघडली. पोटावर क्ष-किरणांपासून बचाव करणारं शिशाचं आवरण होतं. पुढे दिवस भरल्यावर मुलगी झाली. बाळंतपणानंतरही दोन दिवस तिला डोळ्यात तेल घालून जपलं, कारण बाळ बाहेर आल्यावर गर्भाशयाकडचं रक्त एकदम हृदयाकडे परततं आणि धोका तेव्हाही असतो.

आता कुणी घाबरू नका. झडपेचा दोष असलेल्या प्रत्येक बाईने आई व्हायचं नाही, असं मुळीच नाही. दोष सौम्य असेल तर बहुतेकींचं बाळंतपण नीट होतं. गळणारी झडप सहसा अरुंद झडपेपेक्षा गरोदरपण बरं सोसते. सिझेरियनच करावं लागतं असंही नाही. पुष्कळदा वेदना कमी करून नैसर्गिक बाळंतपणच पसंत करतात. पण अरुंदपणा गंभीर असेल तर आधी झडप, मग मूल, हा क्रम पाळावा लागतो. ताईचा क्रम उलटा झाला, आणि त्याची किंमत तिचा किंवा बाळाचा जीव असू शकली असती.

ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे त्यांनी तर दिवस जाण्याआधीच हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना भेटावं. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी, बहुधा वॉरफेरिन, कायम लागते. पहिल्या तिमाहीत तिच्यामुळे बाळात दोष येऊ शकतो. पण घाबरून ती आपल्या मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. डोस किती, इंजेक्शनवर कधी न्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील. गुगल नाही, आणि आम्ही इंजिनिअर मंडळी तर नाहीच.

आपल्यापैकी बरेच जण आता पुण्या-बंगलोरला, पण आईबाबा, वहिनी, बहिणी गावीच आहेत. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी आपली गाडी नागपूरलाच वळते. रात्रीबेरात्री तो रस्ता फार लांब वाटतो. म्हणून तीन गोष्टी आधीच करा.

एक, लहानपणी सांधे सुजले होते का, दर एकवीस दिवसांचं इंजेक्शन होतं का, हे घरात विचारा. उत्तर 'हो' आलं तर मूल होऊ देण्याआधी इको करून घ्या. तो हृदयाच्या सोनोग्राफीसारखाच असतो, दुखत नाही.

दोन, दिवस गेले असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही सांगा. रक्त कमी असेल तर हृदयावरचा ताण वाढतो, म्हणून हिमोग्लोबिनकडे लक्ष ठेवा. आडवं झाल्यावर दम लागणं, रात्री गुदमरून जाग येणं, खोकल्यातून रक्त येणं, हे गरोदरपणाचं नेहमीचं दुखणं नव्हे. त्याच दिवशी दाखवा.

तीन, आयुष्मान कार्ड काढून ठेवा. बलूनचा उपचार त्यात आहे, आणि आपलं मध्य प्रदेशचं कार्ड नागपुरातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीत कुणाचं डोकं फुटलं तर सगळं गाव धावतं, कारण रक्त दिसतं. झडपेचं दुखणं दिसत नाही. ते सांगावंच लागतं.

त्या रात्री आयसीयूबाहेर जावई मामीला एवढंच म्हणाले, "मले सांगितलं असतं तर आधीच नागपूरले आणलं असतं न." मामीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

ताईचं इंजेक्शन पुन्हा सुरू आहे. फाईल आता पांढुर्ण्याला, तिच्या सासूबाईंच्या कपाटात असते. तारीख जवळ आली की सासूबाईच आठवण करतात.

यंदा घरी जाल तेव्हा आपल्याही घरातलं कपाट एकदा उघडून बघा.

भेटू पुढच्या महिन्यात.