पोलादाला जात नसते

20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यात पंतप्रधानांच्या उपस्थितीत विश्वकर्मा योजनेची वर्षपूर्ती साजरी झाली. योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहारकामही आहे. अवजारांसाठी 15 हजार, स्वस्त कर्ज. हे मिळालेच पाहिजे. आमचा आक्षेप योजनेच्या उद्देशातल्या ‘कुटुंबाधारित’ पारंपरिक कौशल्य जोपासण्याला आहे. कुटुंब म्हणजे इथे जातच.

सुरी घडवणे ही विद्या आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत तापवून ऐरणीवर घडवायचा. मग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून तेलात बुडवायचा. पाते कडक होते, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा सुमारे 200 अंशांवर तापवायचे. हे कार्बनचे आणि उष्णतेचे शास्त्र आहे. यात रक्ताचा संबंध कुठे येतो?

1936 मध्ये गांधी याच जिल्ह्यातल्या सेगावात राहायला आले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या न झालेल्या भाषणाला उत्तर देताना त्यांनी वडिलोपार्जित धंद्याचे समर्थन केले. जात श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी त्या भाषणातच सांगितले होते.

आज शहरात हौसेने सुरी घडवणारा कलाकार ठरतो. रस्त्याकडेला घण मारणारी घिसाडी बाई मात्र ‘भटकी’च राहते.

आमची मागणी सरळ आहे. त्या बाईला आयटीआयमध्ये पगारी शिक्षिका नेमा. वर्गात ब्राह्मणाचा, मराठ्याचा, बौद्धाचा, सगळ्यांचा मुलगा-मुलगी घण उचलू द्या. आणि तिच्या लेकीला भट्टी सोडून डॉक्टर व्हायचे असेल, तर वसतिगृह आणि शिष्यवृत्ती द्या. धंदा निवडता येणे हेच स्वातंत्र्य. वारशाने लादलेला धंदा ही गुलामीच.

जय भीम!