नोंदी मोफत द्या, पण सावडीच्या अटीवर



आपल्या गटाच्या नोंदींची पुस्तिका निघतेय. ठिबकातून दिलेली खतं, किडींचे फोटो, फवारणीच्या तारखा, सगळं त्यात आहे. ती मोफत द्यायची यावर सगळ्यांचं एकमत. पण नुसतं 'मोफत' छापून भागत नाही.

कापसात तूर घ्यायची युक्ती कुणाच्या मालकीची होत नाही. पण ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द आणि काढलेला फोटो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आपोआप ज्याचे त्याचे राहतात. दुसऱ्याला छापायचं तर परवानगी लागते. ही परवानगी सगळ्यांना आधीच देऊन ठेवायची सोय म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. २००२ पासून आहेत. फी नाही, नोंदणी नाही.

आता कोणता घ्यायचा? गटात काहींचा आग्रह आहे, 'धंद्यासाठी वापर नको' हा घ्या. राग कळतो. माझ्याच बोंडअळीच्या फोटोवर एका दुकानदाराने स्वतःचं औषध खपवलं. पण उद्या एखाद्या शेतकरी कंपनीने पुस्तिका छापून वीस रुपयांना विकली, तर तो धंदा की सेवा? इथेच वाद सुरू. विकिपीडियासुद्धा या अटीचा मजकूर घेत नाही. आणि चोरणारा अट वाचत बसत नाही.

'बदल नको' हा तर आपल्या कामाचाच नाही. सीमेपलीकडच्या भावाला कन्नडमध्ये भाषांतर करून वाटता येणार नाही.

फक्त 'नाव द्या' हा परवाना सैल आहे. कुणी आपलं घेऊन, सुधारून, सुधारलेलं स्वतःपुरतं कुलूपबंद करू शकतो.

माझं मत 'सीसी बाय-एसए ४.०' ला. नाव द्या, बदल केला तर तसं लिहा, आणि सुधारलेलं त्याच अटीवर सगळ्यांना द्या. ही आपली सावडच की! आज माझी बैलं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. विकिपीडियाचा मजकूरही २००९ पासून बाय-एसए वरच आहे. दुकानदार फोटो वापरील, पण नाव द्यावं लागेल, आणि आपण त्याच्या औषधाची शिफारस केली असं दाखवता येणार नाही. कुणी औषधाचं प्रमाण बदललं, तर बदल केल्याचं सांगणं त्याच्यावर बंधनकारक.

दोन गोष्टी मात्र आधीच करा. दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून ज्याची नोंद, ज्याचा फोटो, त्याची सही छपाईआधी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला फोटो आपला नव्हे, तो काढून टाका.

मग पहिल्या पानावर एवढंच छापा: "या नोंदी व फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली खुले आहेत. नाव द्या, बदल सांगा, पुढेही खुलंच ठेवा." खाली परवान्याची लिंक द्या.

कुणाचं मत वेगळं असेल तर छापायच्या आधी बोला. नंतर बोलून उपयोग नाही.