खाऱ्या पाण्याच्या टाकीतली वाळू : स्वस्त म्हणजे फुकट नव्हे

घरात मासे पाळण्याचा छंद आता केवळ बंगल्यातल्या लोकांचा राहिलेला नाही. चाळीतल्या दोन खोल्यांतही काचेची टाकी दिसते, शाळेच्या प्रयोगशाळेत दिसते, वस्तीतल्या वाचनालयातही दिसते. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेपलीकडचे समुद्री मासे पाहिले. तेव्हापासून गोड्या पाण्यातल्या माशांवर समाधान न मानता खाऱ्या पाण्याची टाकी करावी, असे अनेक मुलांच्या मनात येते. मुलाच्या मनात आले की बापाला खिसा चाचपावा लागतो. मीठ, पंप, दिवा आणि दगड यांची किंमत ऐकून झाल्यावर दुकानदार शेवटी म्हणतो, "आणि वाळू परदेशीच लागेल, दुसरी चालत नाही." इथे बरेच जण हात टेकतात. म्हणून या वेळी वाळूविषयीच लिहीत आहे. दुकानदाराचे हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

प्रथम वाळू टाकीत काय काम करते ते पाहू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना बसायला जागा लागते, आणि वाळूचा प्रत्येक कण म्हणजे अशी एक जागा. पण हे काम सच्छिद्र दगडही करतात, नव्हे, बरेचसे तेच करतात. म्हणजे वाळू उपयोगी आहे, पण तिच्यावाचून सारे अडते असे नाही. तळाला केवळ काच ठेवून टाकी चालवणारे जाणकारही पुष्कळ आहेत. सर्वात स्वस्त वाळू कोणती, तर जी घातलीच नाही ती. मात्र वाळूत पुरून झोपणारे किंवा वाळू चाळून खाणारे मासे ठेवायचे असतील, तर वाळू हवीच.

आता परदेशी पिशवीकडे वळू. तिच्यात बहुधा अ‍ॅरॅगोनाइट नावाची चुन्याच्या जातीची वाळू असते. बहामा बेटांजवळच्या उथळ समुद्रात अशी वाळू नैसर्गिकरीत्या तयार होते. ती चांगलीच असते, यात वाद नाही. दाणा गोल, रंग पांढरा, माशांच्या तोंडाला इजा नाही. पण "ही वाळू पाण्याचा पीएच आपोआप सांभाळते" ही जाहिरात मात्र जपून ऐकावी. समुद्री टाकीचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो. एवढ्या पाण्यात ही वाळू जवळजवळ विरघळतच नाही. पीएच ८ च्या बराच खाली उतरला तरच ती थोडी विरघळू लागते, आणि तोवर मासे अडचणीत आलेले असतात. पाण्याची खरी राखण होते ती ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलण्याने. त्या कामासाठी वाळूला जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग स्वस्त पर्याय कोणते? पहिला, पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे व सामान विकणाऱ्यांकडे ती गोणीने मिळते. ती धुतलेली असते, दाणा सारखा असतो आणि किलोचा भाव परदेशी पिशवीच्या मानाने फारच कमी असतो. "सिलिकामुळे काचेवर तपकिरी शेवाळ येते" असा तिच्यावर आरोप होतो. शेवाळासारखा दिसणारा तो थर डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांचा असतो आणि त्यांना सिलिका लागते, हे खरे. पण क्वार्ट्झचा दाणा पाण्यात अतिशय सावकाश विरघळतो. डायटमना सिलिका मिळते ती बहुतेक नळाच्या पाण्यातून. म्हणून दोष वाळूला देण्याआधी पाणी तपासावे.

दुसरा पर्याय कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या शिंपल्याच्या चुऱ्याचा. तोही चुन्याच्याच जातीचा आणि स्वस्त असतो. मात्र त्याचे तुकडे चपटे व धारदार असतात, म्हणून वाळूत शिरणाऱ्या माशांच्या टाकीत तो घालू नये. घेताना त्यात औषध किंवा दुसरे खाद्य मिसळलेले नाही याची खात्री करावी. तिसरा पर्याय संगमरवराच्या चुरीचा. जाड खडी घेतली तर फटींत अन्न अडकून कुजते आणि नायट्रेट वाढते. घ्यायचीच तर बारीक घ्यावी.

काय घेऊ नये, तेही सांगितले पाहिजे. बांधकामाच्या वाळूत माती, कुजलेला पाला आणि लोखंडाचे कण असतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट दिसते, पण ती आपल्या मालकीची नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून किनाऱ्यावरून वाळू काढण्यावर बंदी आहे, आणि पुढच्या अधिसूचनांनीही ती कायम ठेवली. शिवाय शहराजवळच्या वाळूत सांडपाणी आणि तेल मुरलेले असते. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजे आहेत. ती टाकीच्या कामाची नाही. आणि कोणी "प्रवाळाचा चुरा" स्वस्तात देऊ केला, तर हात आखडता घ्यावा. समुद्रात भिंती उभारणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. मुलाला समुद्राची आवड लागावी म्हणून समुद्रच मोडून आणायचा, हे कोणत्या हिशेबात बसते?

आता हिशेब. वाळू किती लागेल हे दुकानदाराला विचारू नये, आपण मोजावे. टाकीच्या तळाची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी, हजाराने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. कोरडी वाळू लिटरला सुमारे दीड किलो भरते. तीन फुटी टाकीचा तळ समजा ९० गुणिले ४० सेंटिमीटर आहे आणि थर ४ सेंटिमीटरचा हवा आहे. म्हणजे १४.४ लिटर, अर्थात सुमारे २२ किलो वाळू. हाच थर १० सेंटिमीटर केला, तर ३६ लिटर म्हणजे ५४ किलो. जाड थर काही जाणकार नायट्रेट कमी करण्यासाठी मुद्दाम घालतात, पण घरच्या पहिल्या टाकीला ३ ते ४ सेंटिमीटर पुरे. समजा साध्या वाळूचा भाव किलोला ३० रुपये आणि परदेशीचा २०० रुपये असेल, तर २२ किलोला ६६० आणि ४,४०० रुपये पडतील. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या बाजारातला भाव घालून गुणाकार करावा. फिल्टरची वाळू मोठ्या गोणीतच मिळत असेल, तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक गोणी घ्यावी.

दाण्याचा आकार स्वयंपाकघरातच ठरवता येतो. एक ते दोन मिलिमीटर म्हणजे मोहरीएवढा दाणा उत्तम. जाड रव्याएवढाही चालतो, पण पंपाचा झोत त्याच्यावर थेट सोडू नये. पिठासारखी बारीक वाळू पाण्यात उडत राहते.

घेण्याआधी दोन परीक्षा कराव्यात. चमचाभर वाळूवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर ती चुन्याच्या जातीची. न आले तर बहुधा सिलिकाची. खाऱ्या टाकीत दोन्ही चालतात, पण चुन्याची म्हणून सिलिका महाग विकली जात असेल तर ते कळते. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. त्याला काळे कण चिकटले तर ती वाळू परत करावी.

आता सर्वात महत्त्वाचे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की ती बाहेर पडत नाही. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. आपल्या कष्टकरी बांधवांनी याची किंमत मोजली आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली घडवणारे कामगार याच रोगाने खचले. झाबुआ आणि अलिराजपूरहून गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेलेले आदिवासी मजूर घरी परतून मरण पावले, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. घरी एकदा २२ किलो वाळू धुणाऱ्याला तेवढा धोका नाही. पण गोणी बंद खोलीत झटकू नये. उघड्यावर, आधी पाणी शिंपडून, नाकाला ओला रुमाल बांधून मगच ती ओतावी, आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

धुताना बादलीत तीन-चार किलोच घ्यावी, हाताने ढवळून गढूळ पाणी ओतावे, पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे. साबण अजिबात लावू नये. ते पाणी मोरीत सोडले तर गाळाने नळी तुंबते, झाडांना घालावे. पाणीकपातीच्या दिवशी हे काम काढू नये. कोणी जुन्या टाकीतली वाळू फुकट दिली तर तीही अशीच धुवावी, कारण तिच्यात साठलेली घाण नव्या टाकीत मासे मारू शकते.

मांडताना आधी दगड काचेवर पक्के बसवावेत आणि भोवती वाळू पसरावी. वाळूवर दगड ठेवले तर खालची वाळू उकरणारा मासा ते एक दिवस पाडेल. पाणी भरताना तळाशी एक बशी ठेवावी, म्हणजे वाळू उडत नाही. जिवाणूंचे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत.

वाळूवर वाचलेले पैसे पाणी तपासण्याच्या संचावर आणि चांगल्या मिठावर घालावेत. त्यातून मासे जगतील आणि मुलाला मोजून-मापून काम करण्याची सवय लागेल.