हळदीचं पेटंट आणि मुलांची प्रयोगवही

'पेटंट' म्हटलं की आपल्याला कुलूपबंद गुपित आठवतं. खरं तर उलट आहे. पेटंट हवं असेल तर शोध कसा चालतो ते सगळं लिहून द्यावं लागतं आणि ते कोणालाही वाचता येतं. त्या बदल्यात, पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपर्यंत इतरांना तो शोध परवानगीशिवाय वापरता येत नाही. मात्र शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचण्यासारखा नको आणि उपयोगाचा हवा.

आता हळदीचं बघा. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे बोट कापलं की आजी आधी हळदच दाबते! पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली तोंडी माहिती धरत नसत, छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीचं ज्ञान खरंच होतं, पण कामी आलं ते लिहिलेलं.

म्हणूनच शास्त्रज्ञासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या: नोंद आणि वेळ. शोधनिबंध आधी छापला तर त्याच शोधाचं नावीन्य संपतं. आपल्या कायद्यात याला अपवाद थोडेच आहेत. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करतात आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशील देतात. विज्ञान प्रदर्शनातल्या बहुतेक मॉडेलना पेटंटची गरज नसते, हे मान्य. पण एखादी कल्पना खरोखर नवी वाटली, तर तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी जाणकाराला विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

आणि आपल्या वर्गात काय चालतं? प्रयोगवही गाइडमधून उतरवली जाते, निरीक्षणं सगळ्यांची सारखीच! सुंदर अक्षराला गुण देतो आपण. त्याऐवजी तारीख, स्वतः घेतलेलं माप आणि फसलेला प्रयोगसुद्धा लिहिला असेल, तर गुण द्या. माप पुस्तकातल्यासारखं आलं नाही म्हणून खोडायला लावू नका. पालकांनीही वही नीटनेटकी आहे का, यापेक्षा "हे तू स्वतः पाहिलंस का?" असं विचारावं.

पेटंट पुढे एखाद्यालाच मिळेल. पण पाहिलं तसं, पाहिलं तेव्हा लिहिण्याची सवय प्रत्येक मुलाला लागू शकते. ती लावणं आपल्याच हातात आहे.