पैसे मोजले की दावं सोडावं

आमच्या भागातले एक जुने विक्रेते ऑनलाइन धंद्यात नव्याने उतरणाऱ्या पोरांना एक सल्ला देतात. ग्राहकाबद्दलचा आपला शेरा कधीही आधी लिहायचा नाही. माल पोचू द्या, त्याला पाच तारे देऊ द्या, मग आपण त्याला 'उत्तम ग्राहक' म्हणा. तोवर शेरा मुठीत ठेवला की ग्राहक वळणावर राहतो. गेल्या महिन्यात धाराशिवला एका बैठकीत त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि बसल्या जागी माझं डोकं तापलं. तिथे बोलायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचं म्हणणं असं. पैसे आले म्हणजे व्यवहार संपला असं नाही, ग्राहक नंतर खोटी तक्रार करू शकतो. ग्राहकाला आपल्या शेऱ्याची तशी गरजही नसते. आणि आधीच चांगलं लिहून मोकळे झालो तर आपल्या हातात उरतं काय?

खोटी तक्रार करणारे असतात, मलाही भेटलेत. पण लबाड माणूस शेऱ्याला भीत नाही, तो दुसऱ्या नावाने नवं खातं उघडतो. शेऱ्याला भितो तो साधा माणूस. ग्राहकाला गरज नसते हे तर साफ खोटं आहे. ज्याच्या नावापुढे शून्य आहे त्याला माल द्यायला हेच विक्रेते कां-कूं करतात.

आता 'हातात उरतं काय' हा प्रश्न. सगळी मेख इथेच आहे, कारण ही भाषा व्यापाराची नाही, ओलीस धरण्याची आहे.

आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. तिचा सौदा कसा होतो ते या गृहस्थांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. घेणारा शेळीचे दात बघतो, कास चाचपतो, घासाघीस होते, इसार दिला जातो. उरलेल्या नोटा दोनदा मोजून झाल्या की विकणारा दावं त्याच्या हातात देतो. तिथे घेणाऱ्याचं काम संपलं. पुढच्या बाजारी तोच माणूस येऊन चारचौघांत म्हणू शकतो, 'शेळी एका सडाला दूध देत नाही.' त्यावर विकणारा भांडेल, शपथा घेईल, पण 'तू माझ्या मालाला नाव ठेवलंस तर तू पैसे बुडवतोस असं मी गावभर सांगेन' असं म्हणणार नाही. म्हटलं तर बाजार त्याच्याच तोंडात शेण घालेल. पैसे घेऊनही दाव्याचं एक टोक मुठीत ठेवणारा विक्रेता आमच्या बाजारात मी तरी पाहिला नाही. ऑनलाइन तो जागोजाग दिसतो, आणि नव्या पोरांना शिकवतोही.

या मुठीत ठेवण्याने काय झालं हे जगाने पाहिलेलं आहे. ईबे या ऑनलाइन बाजाराने १९९६ मध्ये शेऱ्यांची पद्धत सुरू केली. विकणाऱ्याने घेणाऱ्याबद्दल लिहावं, घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल, हिशेब सरळ होता. रेस्निक आणि झेकहाउजर या दोन अभ्यासकांनी तिथले १९९९ मधले व्यवहार तपासले, तेव्हा ग्राहकांनी दिलेल्या शेऱ्यांत नापसंतीचे शंभरात एकही भरत नव्हते. शंभरातला एकही ग्राहक नाराज नाही असा बाजार मी तरी पाहिलेला नाही. नाराज होते, ते गप्प होते. आपण वाईट लिहिलं तर समोरचा उलटून आपल्यालाच वाईट लिहील, ही भीती त्यामागे होती. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्याचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. खरोखर पैसे बुडवणाऱ्या ग्राहकाबद्दलही विक्रेत्याला तिथे वाईट लिहिता येईना. 'ग्राहकांनी आमचा हक्क घालवला' अशी ओरड मी अनेकदा ऐकली आहे. तो शेरा मुठीत धरणाऱ्यांनी घालवला. आता तिथे चांगलाच शेरा देता येतो, तर तोही अडवून ठेवा म्हणतात!

   

माझं तुळजापुरात देवीच्या साहित्याचं दुकान आहे. २००६ च्या नवरात्राआधी मी एका ऑनलाइन बाजारावर कवड्यांच्या माळा विकायला लागलो होतो. शेरा आधी न लिहिण्याची शिकवण मीही पाळायचो. अकरा माळा गेल्या, अकरा चांगले शेरे आले. बारावी माळ नाशिकच्या एका ताईंनी घेतली. त्यांनी निरोप पाठवला, 'दादा, तुम्ही माझ्याबद्दल वाईट लिहिणार नसाल तर एक सांगते. तीन कवड्या फुटून आल्यात.' मी माळ कागदी पाकिटात नुसती गुंडाळून पाठवत होतो. पाकिटावर ओझं पडलं की कवडीची पाठ चिरते, दोरा तेवढा शाबूत राहतो. मग आधीच्या अकरा जणांना फोन लावले, त्यांतल्या चौघांच्या माळा फुटलेल्या निघाल्या. घटाशेजारी ठेवायची माळ फुटकी आली आणि देवीच्या गावच्या दुकानदाराला ते सांगायची या माणसांना भीती वाटली. ही गोष्ट मला आजही टोचते. माळा बदलून दिल्या, पुठ्ठ्याचा डबा आणि कापूस आणला, आणि शेरा आधी लिहायला लागलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ग्राहकाचं काम पैसे देणं आणि पत्ता नीट देणं. ते झालं की त्याच दिवशी, माल बांधायच्या आधी, त्याच्याबद्दल जे खरं आहे ते लिहा. माल घरी पोचल्यावर पैसे देणारा असेल तर रक्कम जमा झाल्यावर लिहा. पुढे त्याने दगा दिलाच तर बाजाराकडे रीतसर तक्रार करायला कुणी अडवलेलं नाही. राहायच्या जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ पासून दोन्ही बाजूंचं लिहून होईपर्यंत किंवा चौदा दिवस सरेपर्यंत दोन्ही शेरे झाकून ठेवायची सोय केली, तीही चांगली. पण आपल्याकडे ती सोय सगळीकडे नाही, आणि आधी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या गृहस्थांना माझं उघड सांगणं आहे. येत्या नवरात्रात तुम्ही तुमच्या निम्म्या ग्राहकांना पैसे येताच शेरा द्या, निम्म्यांचा नेहमीसारखा अडवून ठेवा. कोणत्या निम्म्यांनी मालातली खोट तुम्हाला तोंडावर सांगितली ते वहीत टिपा. माझी २००६ पासूनची वही दुकानात आहे. दसऱ्यानंतर दोन्ही वह्या त्याच पोरांसमोर उघडू.