कुठले म्युलर?

मंडळी, ‘आपल्या आडनावाची थोर माणसे’ या याद्यांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी अशी यादी येते. एक सेनापती, दोन स्वातंत्र्यसैनिक, एक शास्त्रज्ञ, एक नट, आणि शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. खाली काका-मामांचे हात जोडलेले चित्र. मी काही बोलले की ‘तुला कशाचाच अभिमान नाही’ हे ठरलेले उत्तर. म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

आपल्याच आडनावांपासून सुरुवात केली तर पहिल्या परिच्छेदातच भांडण होईल. म्हणून एक परके आडनाव घेऊ, ज्याच्याशी आपल्यापैकी कुणाची सोयरीक नाही. म्युलर. जर्मनीतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. अर्थ अगदी साधा: धान्य दळणारा, पिठाच्या गिरणीवाला. गावोगावी ओढ्यावर पाणचक्की असायची, ती चालवणाऱ्याला लोक म्युलर म्हणायचे. जितक्या चक्क्या तितके म्युलर, आणि बहुतेकांचे एकमेकांशी काही नाते नाही. विणकर तो वेबर, लोहार तो श्मिट, शिंपी तो श्नायडर. आपल्या सोलापुरातला मागवाला तिकडे जन्मला असता तर वेबर झाला असता.

आता म्युलरांची यादी करू. पहिले अर्थात मॅक्स म्युलर (१८२३–१९००). ऋग्वेद सायणभाष्यासह छापून काढायला त्यांना १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षे लागली. भारतात ते कधी आले नाहीत, पण लोकमान्य टिळक तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी विलायतेत अर्ज केला त्यांत ते होते. पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला लोक ज्या मॅक्स म्युलर भवनात जातात ते यांच्याच नावाचे.

मग नोबेलवाले. हर्मन मुलर, १९४६, क्ष-किरणांनी आनुवंशिक गुण बदलतात हे माश्यांवर दाखवले म्हणून. पॉल म्युलर, १९४८, डीडीटी कीटकनाशक आहे हे शोधले म्हणून. १९५३ साली आपल्याकडे हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा घरोघरच्या भिंतींवर जे फवारले ते हेच. कार्ल ॲलेक्स म्युलर, १९८७, अतिसंवाहकतेसाठी. हेर्टा म्युलर, २००९, साहित्यासाठी. रुमानियातल्या हुकूमशाहीत खुफिया पोलिसांनी छळलेली लेखिका. शिवाय फुटबॉलवाले: १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारा गेर्ड म्युलर आणि २०१४ च्या विजेत्या संघातला थॉमस म्युलर.

काय यादी आहे! चार नोबेल! आपल्या ग्रुपवर असती तर ‘म्युलरांच्या रक्तातच बुद्धी’ असा निष्कर्ष निघून संध्याकाळपर्यंत तीनशे ठिकाणी गेली असती.

पण जरा थांबा. या चार नोबेलवाल्यांपैकी एकाचाही जन्म जर्मनीतला नाही. हर्मन न्यूयॉर्कचा, पॉल आणि कार्ल स्वित्झर्लंडचे, हेर्टा रुमानियातली. चौघांना जोडणारा धागा एकच: कधी काळी कुणाचा तरी कुणीतरी पूर्वज पीठ दळत होता. खुद्द मॅक्स म्युलरना हे माहीत होते. नुसत्या ‘म्युलर’ने आपण कोण हे कळणार नाही, फारच सार्वत्रिक नाव आहे, म्हणून त्यांनी ‘मॅक्स’ हे स्वतःचे नावच आडनावाला जोडून घेतले. आणि आपण काय केले? त्यांच्या ऋग्वेदाच्या संस्कृत मुखपृष्ठावर ते ‘मोक्षमूलर भट्ट’ झाले. दळणाऱ्याच्या वंशजाचा भट्ट व्हायला एक मुखपृष्ठ पुरले! आपल्या गावातल्या किती लोकांना ही सवलत मिळाली हो?

आणि या यादीत मी एक नाव मुद्दाम गाळले. सगळेच गाळतात. हाइनरिश म्युलर, १९३९ ते १९४५ नाझी गेस्टापोचा प्रमुख. ज्यूंच्या संहाराची आखणी ज्या बैठकीत झाली त्या २० जानेवारी १९४२ च्या वान्से बैठकीला हा हजर होता. एसएसमध्ये याच नाव-आडनावाचा आणखी एक सेनाधिकारी होता, म्हणून याला ‘गेस्टापो म्युलर’ म्हणत. म्हणजे तिथेही प्रश्न आलाच: कुठले म्युलर?

थोरांची यादी अभिमानासाठी असेल तर हा गेस्टापोवालाही त्याच आडनावाचा आहे, त्याचे काय करायचे? हेर्टाचे नोबेल सगळ्या म्युलरांचे आणि हाइनरिशचे पाप एकट्या हाइनरिशचे, हा हिशोब कुठल्या वहीत बसतो? नफा घराण्याचा, तोटा ज्याचा त्याचा! आपल्या कुलवृत्तांतांतही हेच चालते. इनाम मिळाले ते पान आहे. ते इनाम कुणाच्या जमिनीतून, कुणाच्या वेठीतून आले, ते पान नाही.

कुणी म्हणेल, असू दे, मुलांना प्रेरणा मिळते, कुणाचे काय बिघडते? बिघडते, काका. कारण यादी करायची म्हटले की ‘आपले’ कोण आणि ‘आपले नसलेले’ कोण हे ठरवावे लागते. आणि तिथे आडनाव पुरत नाही.

शिंदे घ्या. महादजी शिंदे, ज्यांनी पानिपतानंतर उत्तरेत मराठी सत्तेचा जम पुन्हा बसवला. ताराबाई शिंदे, ज्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांची झोप उडवली. विठ्ठल रामजी शिंदे, ज्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लढण्यात आयुष्य घालवले. प्रल्हाद शिंदे, ज्यांच्या गळ्यातून भीमगीतेही आली आणि पंढरीच्या वाटेवर आजही वाजणारी विठ्ठलाची गाणीही. आणि आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, कोर्टात पट्टेवाला म्हणून सुरुवात करून २००३ साली मुख्यमंत्री आणि २०१२ साली देशाचे गृहमंत्री झालेले. एकच आडनाव. मराठा आहेत, दलित आहेत, सरदार आहेत, शाहीर आहेत. आता शिंद्यांच्या कुठल्याही ग्रुपवर ही पाचही नावे एका यादीत येतात का बघा. नाही येत. एका ग्रुपची यादी महादजींपाशी सुरू होते, दुसऱ्याची प्रल्हाददादांपाशी. मग ही आडनावाची यादी कुठे राहिली? ही जातीची यादी झाली. आडनाव नुसते वरचे वेष्टन.

म्हणूनच आपल्याकडे आडनाव सांगितल्यावर संभाषण संपत नाही, तिथून सुरू होते. ‘शिंदे.’ ‘कुठले शिंदे?’ या ‘कुठले’चे उत्तर गावाच्या नावाने देऊन बघा. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात भाड्याने घर शोधत होते. घरमालकांनी पूर्ण नाव विचारले, मी सांगितले. ‘कुठले?’ म्हणाले. ‘सोलापूरचे,’ मी म्हटले. ‘तसे नव्हे हो, म्हणजे... कुठले?’ मी पुन्हा म्हटले, ‘सोलापूर, जुन्या मिलच्या मागे.’ ते हसले, मीही हसले, आणि घर दुसऱ्या दिवशी ‘आधीच दिलेले’ निघाले. एका शब्दाचा प्रश्न. कायद्याने पकडता येत नाही, ऐकू मात्र स्पष्ट येतो.

‘कुठले?’ या प्रश्नाचा एकदा सरकारी कायदाही झाला आहे, आणि तो म्युलरांच्याच देशात. नावावरून ज्यू ओळखू येईना, कारण पिढ्यान् पिढ्या तेही इतरांसारखीच जर्मन नावे लावत होते. म्हणून १९३८ साली नाझी सरकारने हुकूम काढला: सरकारी यादीतले ‘ज्यू’ नाव ज्यांचे नाही, त्या ज्यू पुरुषांनी नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव लावलेच पाहिजे. १ जानेवारी १९३९ पासून अंमल. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. आमच्या घरमालकांना नाझी म्हणायचे नाही मला, ते बिचारे संध्याकाळी बागेत फिरणारे गृहस्थ. पण प्रश्न तोच आहे एवढे त्यांना कळले तर बरे.

खरे तर सोलापूरकरांना हे कुणी शिकवायची गरज पडू नये. आपल्या गावात पद्मशाली विणकरांची तेलुगू घराणी पिढ्यान् पिढ्या राहतात. तेलुगूत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर. मराठी शाळेच्या दाखल्यावर ते उलटे झाले, आणि तरीही चादरी तितक्याच घट्ट विणल्या गेल्या. चार हुतात्मा चौकातून रोज जातो आपण. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार नावे, चार तऱ्हा. कुर्बान हुसेन या नावात आपल्या अर्थाचे आडनाव कुठले ते शोधून दाखवा. हे चौघे कुठल्या आडनावाच्या यादीत बसतात? बसत नाहीत, म्हणूनच ते गावाचे झाले.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. ‘नीस’ म्हणजे लिहिणारा: फडणीस, चिटणीस, तसे कोटणीस. हिशोब लिहिणाऱ्या घराण्याचा हा मुलगा युद्धात होरपळलेल्या चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करत करत १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी गेला. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. अख्ख्या ‘कोटणीस’चा उरला एक ‘के’, आणि थोरवी तिळभर कमी झाली नाही. तिथे कुणी त्यांना ‘कुठले कोटणीस?’ विचारले नसेल. टेबलावरच्या जखमीला तर नाहीच.

बायकांचे तर बोलूच नका. लग्न झाले आणि माझे आडनाव बदलले. मी उद्या काही थोर काम केले (शक्यता कमी आहे, पण समजा!) तर मी माहेरच्या यादीत की सासरच्या? पंचवीस वर्षे ज्या आडनावाने शाळेत हजेरी दिली त्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्यापुढे ‘विवाहित’ एवढाच शब्द आहे. सासरच्या वंशवेलीत मी एका चौकटीच्या बाजूला कंसात आहे. ताराबाई शिंदे आज शिंद्यांच्या यादीत येऊ शकतात, कारण त्यांनी वडिलांचेच आडनाव ठेवले. नवरा घरजावई आला होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव आले, ते चांगलेच झाले. पण शेवटी आडनावाचा खांब तोच आहे. निम्मी माणसे ज्यात जन्मभर टिकतच नाहीत, तो वारसा रक्ताचा कसा?

मग काय, आडनावे टाकून द्यायची? नाही. तमिळनाडूत कित्येकांनी टाकली, जात काही गेली नाही. विचारणारा दुसरी वाट शोधतो. आणि लपवायचे काम नेहमी ज्याला त्रास होतो त्यानेच का करायचे? आडनाव राहू द्या. त्यात इतिहास आहे, जुनी कामे आहेत, विसरलेली गावे आहेत. म्युलरमध्ये जशी ओढ्यावरची पाणचक्की आहे तशी. पण जर्मनीतल्या म्युलरला आज कुणी ‘तुझी चक्की कुठली’ विचारून घर नाकारत नाही. आपल्याकडे सुतार, कुंभार, लोहार हे शब्द अजून जुन्या कामाचे झालेलेच नाहीत. मुलगी संगणक अभियंता असली तरी स्थळाच्या वेळी ती आधी आडनावच असते.

तेव्हा माझे मागणे दोनच आहे. याद्या करायच्याच असतील तर पूर्ण करा: सासरी गेलेल्या मुली घाला, दुसऱ्या जातीतले त्याच आडनावाचे लोक घाला, आणि आपले गेस्टापो म्युलरही घाला. असतात, प्रत्येक घराण्यात असतात. अशी यादी पुढे पाठवायचा धीर होतो का बघा. आणि दुसरे, ‘कुठले?’ विचारायचे असेल तर उत्तर म्हणून गावाचे नाव आले की गप्प बसा.

आता एक सांगा. इतके वाचताना लिहिणारीचे आडनाव काय असेल असा विचार मनात आला की नाही? नातेवाईकांना माहीत आहे, त्यांनी कृपया फोडू नये. :-) बाकीच्यांनी मनात जे आडनाव धरले असेल त्याने वरचे एक तरी वाक्य जास्त खरे किंवा जास्त खोटे वाटले का, एवढे स्वतःला विचारा. मला कळवले नाही तरी चालेल.